रत्नागिरीतील बुद्ध्यांक चाचणी: एका स्वमग्न ग्राहकाचा अभिप्राय

मागच्या जुलै महिन्यात रत्नागिरी शहरातील एका खासगी मानसशास्त्रीय केंद्रात दोन दिवस बसून मी स्वतःची बुद्धिमापन चाचणी करून घेतली. त्या सेवेचा हा अभिप्राय आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे केंद्राचे नाव मी लिहीत नाही. चाचणीतले प्रत्यक्ष प्रश्नही लिहिणार नाही, कारण ते आधी कळले तर पुढच्या माणसाच्या चाचणीला काही अर्थ उरत नाही. जिथे उदाहरण देणे भाग आहे तिथे मी स्वतः रचलेले उदाहरण दिले आहे. मी देवगड तालुक्यातली, वय ३७, आंब्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळते, आणि दोन वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झाले.

निदानाच्या वेळी बुद्ध्यांक मोजलेला नव्हता आणि मोजण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. ती मला वाटली, आणि तिचे मूळ आमच्या घरात आहे. लहानपणापासून आई माझ्याविषयी एकच वाक्य सांगत आली आहे: “चेडू हुशार आसा, पण येवहार कळणा नाय.” दोन्ही अर्धी वाक्ये ती नेहमी एका दमात म्हणते. शाळेत गणिताचे पेपर पैकीच्या पैकी सुटत होते, पण बाईंनी वर्गात अचानक नाव पुकारले की मला स्वतःचे गाव सांगता येत नसे. परिणाम असा की मी एका आठवड्यात स्वतःला असामान्य समजत असे आणि पुढच्या आठवड्यात मतिमंद, आणि दोन्ही समजांना पुरावा हाताशी असे. माझ्या ओळखीच्या इतर स्वमग्न प्रौढांशी बोलल्यावर हा झोका माझ्या एकटीचा नाही हे कळले. कोणीतरी परक्या माणसाने, ठरलेल्या पद्धतीने, कागदावर मोजून सांगावे एवढीच माझी अपेक्षा होती. ती निम्मी पुरी झाली.

नाव नोंदवण्यासाठी फोन करावा लागतो. ज्या सेवेचे निम्मे ग्राहक फोनवर बोलायला कचरतात तिथे ही एकच वाट ठेवलेली असावी याचे मला नवल वाटले. शेवटी रत्नागिरीत राहणाऱ्या मावशीने फोन केला. शुल्क ६,००० रुपये होते आणि त्यात सुरुवातीची मुलाखत, चाचणीच्या दोन बैठका, लेखी अहवाल आणि अहवालावर एक तासाची चर्चा एवढे सगळे धरलेले होते. पुण्यात याहून बरेच जास्त सांगितले होते, त्यामुळे पैशांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार स्वागतकक्षातल्या बाईंबद्दल आहे. मी समोर उभी असताना त्यांनी मावशीला विचारले, “ह्यांना सांगितलेलं कळतं ना?” मावशी म्हणाली, “तिलाच विचारा.” त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून तोच प्रश्न अधिक मोठ्या आवाजात आणि अधिक सावकाश विचारला. बुद्धिमापन करणाऱ्या केंद्राच्या दारातच ग्राहकाचे बुद्धिमापन असे उरकले जाऊ नये.

आतल्या मॅडम मात्र वेगळ्या निघाल्या. त्यांनी आधी पूर्ण दोन दिवसांचा क्रम कागदावर लिहून दिला, मध्ये विश्रांती कधी ते सांगितले, नजरेला नजर देण्याची गरज नाही हे न विचारता स्पष्ट केले, आणि ट्यूबलाइटची गुणगुण मला खुपते म्हटल्यावर ती बंद करून खिडकी उघडली. खिडकी उघडल्यावर पाऊस आत आला, पण तो पुढचा भाग.

चाचणी वेश्लरची होती, प्रौढांसाठीची चौथी आवृत्ती. डेव्हिड वेश्लर यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करताना १९३९ मध्ये या मालिकेतली पहिली चाचणी प्रसिद्ध केली, आणि ही चौथी आवृत्ती २००८ ची आहे. तिच्यात चार निर्देशांक निघतात: शब्दांवरचे आकलन, डोळ्यांनी पाहून केलेला तर्क, कार्यरत स्मृती (आत्ता ऐकलेले क्षणभर डोक्यात धरून वापरणारी) आणि माहिती हाताळण्याचा वेग. या चारांतून शेवटी एक एकत्रित बुद्ध्यांक काढतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेले असते, म्हणजे साधारण दोन तृतीयांश माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. लोक घरी जाऊन सांगतात तो हा शेवटचा एकच आकडा, आणि माझ्यासारख्यांच्या बाबतीत सर्वांत कमी उपयोगाचा आकडाही तोच, असे माझे आता मत झाले आहे.

पहिल्या दिवशी ठोकळ्यांची नक्षी आणि चित्रकोड्यांपासून सुरुवात झाली. लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या चित्रासारखी नक्षी करायची असते. स्वमग्न माणसांना हा भाग बहुधा सोपा जातो हे संशोधनात अनेकदा आढळले आहे, कारण पूर्ण चित्राच्या मोहात न अडकता त्याचे तुकडे सुटे दिसतात. मला ते काम वाटलेच नाही. आंब्याच्या पेटीत गवत घालून फळे अशी बसवायची की पाच डझनांची पेटी हलवली तरी आतून आवाज येऊ नये, हे मी बारा वर्षांची असल्यापासून करते आहे. हाताला रिकामी जागा आधी दिसते आणि तिथे कोणते फळ बसेल ते नंतर सुचते. ठोकळ्यांचेही तसेच झाले.

मग आकडे आले. मॅडम ठरावीक गतीने आकडे म्हणतात, आपण ते त्याच क्रमाने, मग उलट क्रमाने, मग चढत्या क्रमाने म्हणायचे. खोलीला वर पत्र्याचे छप्पर होते. जुलैचा पाऊस, पत्रा आणि उघडी खिडकी. मॅडमचा आवाज आणि पत्र्यावरचा आवाज हे दोन्ही मला एकाच मापाने ऐकू येतात. मागचा आवाज मागे ढकलण्याची जी सोय इतरांच्या कानांत असते ती माझ्या कानांत नाही. पाच आकड्यांपर्यंत मी तग धरला. सहाव्याला “सात” ऐकले की “साठ” याचा विचार करत राहिले, आणि तेवढ्यात बाकीचे आकडे पावसात वाहून गेले. नियमाप्रमाणे आकडे पुन्हा सांगता येत नाहीत. मी म्हटले, पाऊस थांबल्यावर घेऊ या का? मॅडम हसून म्हणाल्या, “ताई, मग दिवाळीलाच भेटू.” हे खरे होते, आणि तरीही कार्यरत स्मृतीत मिळालेल्या ९२ गुणांतले किती माझे आणि किती छपराचे हे आता कोणालाही सांगता येणार नाही. त्यांनी आवाजाची नोंद स्वतःच्या वहीत केली होती हे मी पाहिले. अहवालात मात्र ती उतरली नाही, आणि या सेवेतला सर्वांत गंभीर दोष मी याला मानते.

वेगाच्या भागात चूक माझी होती, जर तिला चूक म्हणायचे असेल तर. प्रत्येक अंकाखाली ठरलेली खूण पेन्सिलीने काढत जायचे, दोन मिनिटांत जितक्या होतील तितक्या. मॅडमनी “शक्य तितक्या लवकर” असे सांगितले होते आणि “बरोबर काढा” असेही सांगितले होते. मी दुसरी सूचना पाळली. एका खुणेची रेघ किंचित वाकडी गेली म्हणून ती पुन्हा नीट काढावी की पुढे जावे यात काही सेकंद गेले. घड्याळाकडे पाहिले तर अर्धा वेळ संपलेला होता आणि माझ्या खुणा छापल्यासारख्या दिसत होत्या. गुण ७६. शंभर माणसांत खालून पाचवे-सहावे. हिशेबाच्या वहीत माझ्या हातची खाडाखोड आजवर कोणाला सापडलेली नाही. ती आणि हे ७६ गुण एकाच सवयीतून येतात, असे मी चर्चेच्या वेळी म्हटले. मॅडमनी ते लिहून घेतले.

शब्दांच्या भागाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे भाषेचा प्रश्न येतो. छापील चाचणी इंग्रजीत होती आणि माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठीत झालेले आहे. मॅडम प्रश्न जागच्या जागी मराठीत करून विचारत होत्या. त्यांचे मराठी उत्तम होते, पण शब्दाची अवघडता भाषांतरात बदलते: इंग्रजीत क्वचित वापरला जाणारा शब्द मराठीत रोजचा असू शकतो आणि उलटही. शिवाय दोन वस्तूंमधले साम्य विचारणारा एक प्रकार आहे. समजा, होडी आणि बैलगाडी यांत सारखे काय? अपेक्षित उत्तर “दोन्ही वाहने” असे असते. माझ्या तोंडून आधी निघते, “होडी वल्ह्याची की इंजिनाची?” कारण वल्ह्याची असेल तर दोन्ही अंगमेहनतीवर चालतात आणि इंजिनाची असेल तर तेवढेही साम्य उरत नाही. मॅडम अशा वेळी थांबत, “आणखी काही?” असे विचारत, आणि मग मला कळे की त्यांना वरवरचे, मोठ्या टोपलीचे नाव हवे आहे. काही वेळा ते उशिरा कळले. या भागात ११२ आले.

दुसऱ्या दिवशी, माझ्या विनंतीवरून, त्यांनी रेव्हनची आकृत्यांची चाचणीही घेतली. जॉन रेव्हन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत पाच संच आणि प्रत्येकी बारा अशा साठ आकृत्या असतात. प्रत्येकीतला एक तुकडा गायब असतो आणि खालच्या पर्यायांतून तो निवडायचा असतो. बोलावे लागत नाही, लिहावे लागत नाही, आणि आमच्याकडे तरी घड्याळ लावलेले नव्हते. त्या वेळीही पाऊस पडत होता, पण ऐकायचेच काही नसल्यामुळे तो माझ्या वाटेत आला नाही. साठांपैकी ५४ बरोबर आले.

ही विनंती मी का केली ते सांगते. मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधिकेने मॉन्ट्रियलमधल्या लॉरां मॉत्रों आणि इतर सहकाऱ्यांसह २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३८ स्वमग्न मुलांना वेश्लर आणि रेव्हन या दोन्ही चाचण्या दिल्या होत्या. रेव्हनमध्ये ती मुले सरासरीने तीस शतमकांनी, म्हणजे शंभर जणांच्या रांगेत तीस जागांनी, वर गेली. स्वमग्न नसलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढी मोठी तफावत आढळली असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही जे मूल बोलत नाही त्याला बोलण्यावर आधारलेल्या चाचणीने मोजले तर त्याची बुद्धी मोजली जाते की त्याचे न बोलणेच दुसऱ्यांदा मोजले जाते, हा प्रश्न त्या अभ्यासाने रोखठोक मांडला. मालवणकडचा माझ्या ओळखीचा एक तरुण लहानपणी अशाच एका चाचणीत “चाचणीयोग्य नाही” असा शेरा घेऊन घरी आला होता. आता तो टॅबलेटवर टंकून बोलतो. त्या शेऱ्याचा कागद त्याच्या वडिलांनी अजून जपून ठेवला आहे, का ते मी विचारलेले नाही.

अहवाल पंधरा दिवसांत मिळेल असे सांगितले होते, पाच आठवड्यांनी मिळाला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत “एकूण बुद्ध्यांक १०३, सर्वसाधारण बुद्धिमत्ता” असे होते. तिसऱ्या पानावर, लहान तक्त्यात, चार निर्देशांक: ११२, १२७, ९२, ७६. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यांत ५१ गुणांचे अंतर, म्हणजे तीन प्रमाण विचलनांहून जास्त. निर्देशांकांमध्ये २३ हून अधिक गुणांचे अंतर असेल तर एकत्रित आकड्यावर भर देऊ नये, असा संकेत चाचणी घेणाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. माझ्या बाबतीत १०३ हा आकडा म्हणजे एका टोकाला गुडघाभर आणि दुसऱ्या टोकाला गळ्यापर्यंत पाणी असलेल्या खाडीची सरासरी खोली काढून “कमरेएवढे आहे, उतरा” असे सांगण्यासारखे झाले. १०३ गुणांचे कोणतेही काम मी करत नाही. काही कामे १२७ ने होतात आणि काही ७६ ने, आणि ती दोन्ही एकाच सकाळी येतात.

हे चर्चेत मांडल्यावर मॅडमनी वाद घातला नाही. वेग आणि कार्यरत स्मृती बाजूला ठेवून पहिल्या दोन निर्देशांकांवरून काढतात तो सामान्य क्षमता निर्देशांक त्यांनी तिथेच काढून दिला. तो १२१ आला. तो पाहून मला आनंद झाला हे मी नाकारत नाही, आणि घरी येताना एसटीत त्या आनंदाचीच थोडी लाज वाटली, कारण १०३ अविश्वसनीय आणि १२१ मात्र खरा, असे मानायला मला आवडले असते म्हणून ते खरे ठरत नाही. ७६ हाही माझाच आहे. आंब्याच्या हंगामात, एप्रिलमध्ये, दोन फोन एकदम वाजतात, बागायतदार दारात उभा असतो आणि वाशीहून गाडी कधी लागली याची विचारणा होत असते, तेव्हा मी ज्या रीतीने गोठून जाते तिचे इतके अचूक चित्र मला आजवर कोणी दाखवले नव्हते. कोणत्या बागेतून तीन वर्षांपूर्वी किती पेट्या आल्या हे मी न बघता सांगते, आणि समोरच्याने आत्ता सांगितलेला फोन नंबर लिहीपर्यंत विसरते. दोन्ही एकाच डोक्यात कसे, हे कोडे दीर्घ स्मृती आणि कार्यरत स्मृती वेगळ्या असतात एवढ्या एका वाक्याने सुटले. सहा हजार रुपयांतले चार हजार तरी त्या वाक्याचे होते असे मी समजते.

अहवालातला एक शब्दप्रयोग मी बदलून मागितला: “उच्च कार्यक्षमतेचा ऑटिझम”. बुद्ध्यांक ७० च्या वर असला की हे विशेषण लावण्याची जुनी रीत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बुद्ध्यांकावरून रोजच्या जगण्यातली क्षमता नीट सांगता येत नाही आणि म्हणून हा शब्द फसवा आहे, असा निष्कर्ष निघाला होता. माझ्या परिचयातल्या एका अभियंत्याचा बुद्ध्यांक १३० च्या पुढे आहे. बँकेत स्वतः जाऊन खाते बंद करणे त्याला आठ महिने जमले नाही, आणि मदत मागितली की प्रत्येक जण त्याला त्याचा आकडा ऐकवतो. उलट टोकाला, कमी आकडा आलेल्या मुलाला कोणी काही शिकवायलाच जात नाही. दोघांचेही नुकसान एकाच कागदाने होते. केंद्राने तो शब्द काढला, पण “सहकार्य चांगले, स्वभाव किंचित हट्टी” ही ओळ राहू दिली. ट्यूबलाइट बंद करायला सांगणे हा हट्ट असेल तर तो मला मान्य आहे.

मुलांची चाचणी करू पाहणाऱ्या पालकांसाठी दोन गोष्टी, कारण प्रतीक्षाकक्षात माझ्याशिवाय सगळे पालकच होते. कोणती चाचणी घेणार आणि तिची प्रमाणके, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करून गुण देतात त्यांचे आकडे, कोणत्या काळातली आहेत हे आधी विचारावे. बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून वापरली जाते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती १९३० च्या दशकात धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांवर बेतली. मराठी मुलांचा तेव्हा कोणी विचार केला याचे मला कौतुक आहे, पण त्या मुलांची नातवंडेही आता म्हातारी झाली असतील, आणि जुन्या प्रमाणकांवर मोजलेला आकडा फुगून येतो हे जगभर दिसलेले आहे. नागपूरला आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली वेश्लरची आवृत्तीही १९६० च्या दशकातली. दुसरी गोष्ट, स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी जी ४० प्रश्नांची भारतीय मापनी भरतात ती स्वमग्नतेची तीव्रता मोजते, ती बुद्धीची चाचणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या प्रमाणपत्रांत स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. प्रतीक्षाकक्षातल्या एका आईला तिच्या मुलाचा मापनीवरचा ११० हा आकडा बुद्ध्यांक वाटत होता आणि ती खूश होती. तिला खरे सांगावे की नाही हे मला ठरवता आले नाही. मी सांगितले. मावशीच्या मते मी सांगायला नको होते.

सेवा घ्यावी का? मॅडमसाठी घ्यावी, आणि नोव्हेंबर ते मे या काळातच घ्यावी. अहवाल हातात पडण्यापूर्वीच चारही निर्देशांक पहिल्या पानावर लिहून मागावेत आणि त्या दिवशी खोलीत काय परिस्थिती होती याची नोंद मागावी. रेव्हन आपणहून कोणी सुचवत नाही, ती मागावी लागते. तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. चर्चेचा तास पूर्ण तासाचा मिळतो, घाई करत नाहीत.

घरी आल्यावर आईने विचारले, किती आले? मी चारही आकडे सांगितले. ती म्हणाली, “एक काय ता सांग.” मी म्हटले, एक नाही. ती चुलीकडे वळली. मालकांना मात्र अहवालाचे तिसरे पान दाखवले, आणि या हंगामापासून बागायतदारांचे निरोप माझ्याकडे फोनवर न येता लिहून येतात. मालक म्हणाले, हे आधीच सांगायचे होते.

केंद्रात नाव नोंदवायला मात्र अजून फोनच करावा लागतो. व्हॉट्सअॅपवर नोंदणी सुरू करा असे मी दोनदा लिहून कळवले आहे. दोन्ही वेळा त्यांनी उत्तरादाखल फोन केला, आणि तो मी उचलला नाही.